चौथ्या सीटवरचा त्रिताल

मोरिवलीत पहाटे साडेपाचला जी पोरं धावताना दिसतात, ती पोट कमी करायला धावत नसतात. पोट असावं लागतं त्यासाठी. अंगात कॉलेजच्या कुठल्यातरी जुन्या स्पर्धेचा टी-शर्ट, पायात तळ घासलेले बूट आणि हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. अंबरनाथच्या या भागात औद्योगिक वसाहतीचे रस्ते गावातल्या गल्ल्यांपेक्षा रुंद आहेत. पहिली पाळी भरायच्या आधी तिथे टेम्पो नसतात आणि कुठला खड्डा कुठल्या वळणावर आहे ते पाठ झालेलं असतं. कंपाउंडच्या भिंतीवर खडूची रेघ असते. ती 'स्टार्ट'. कुणी विचारलं, "काय, कशाची तयारी?" तर उत्तर एका शब्दात येतं, "भरती." कसली भरती, हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही.

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. निम्मे गुण मिळाले तरच लेखी परीक्षेचा विचार. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवलं, तर पैकीच्या पैकी. त्यानंतर घड्याळ जसं पुढे सरकेल तसे गुण गळत जातात. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ जागांसाठी भरती निघाली तेव्हा सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे शंभरावर. मैदानी चाचणीही सुरू झाली ती नेमकी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. चिखलात धावायची वेळ आली तर काय, या काळजीत असलेल्या पोरांना 'फिटनेस' हा शब्द परका वाटला, तर नवल नाही.

आता थोडं गणित. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. त्यात १६०० मीटर, म्हणजे दर १०० मीटरला साडेएकोणीस सेकंदांच्या आत. जॅक डॅनियल्स नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंची पावलं मोजली. जवळजवळ सगळे मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त पावलं टाकत होते. आपल्या भरतीवाल्या मुलाने तेवढाच वेग धरला, तर ३१० सेकंदांत त्याची ९३० पावलं होतात. एका पावलाला एक मात्रा धरली, तर सोळा मात्रांच्या त्रितालाची ५८ आवर्तनं पुरी होतात आणि दोन मात्रा शिल्लक राहतात. म्हणजे द्रुत त्रितालात साथ करणाऱ्या तबलजीला पाच मिनिटांत जेवढ्या वेळा समेवर यावं लागतं, तेवढ्याच समा या पोराच्या पायाखालून जातात. त्याला ते ठाऊक नसतं, एवढंच. त्याच्या कानात त्या वेळी एखादं डीजेचं गाणं ठणाणत असतं.

कानातलं ते यंत्र बहुधा उल्हासनगरचं. अंबरनाथ-बदलापूरच्या विद्यार्थ्यांची इलेक्ट्रॉनिक खरेदी तिथल्याच बाजारात होते. जीन्सही तिथलीच, मोबाइलचं कव्हरही तिथलंच. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. हाताला मिळेल ते बनवून विकायचं, हा त्या गावाचा बाणा. मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद या पट्ट्यात तीन पिढ्या ऐकतायत आणि तिसरीलाही हसू येतंच. तर त्या यूएसएच्या इअरफोनची एक बाजू दोन महिन्यांत बंद पडते आणि मग एकाच कानाने धावलं जातं.

धावण्याला गाण्याचा उपयोग होतो का? होतो. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कॉस्टास कारागेओर्गिस यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पावलांच्या लयीशी जुळणारं गाणं असलं की तेवढेच श्रम थोडे कमी वाटतात, असा त्यांच्या कामाचा साधारण रोख. इथिओपियाच्या हाइले गेब्रसेलासीने १९९८ साली बर्मिंगहॅममध्ये २००० मीटरचा इनडोअर विक्रम केला, तेव्हा त्याच्या पसंतीचं 'स्कॅटमॅन' हे गाणं स्टेडियमच्या कर्ण्यांवर वाजत होतं. पण तो गेब्रसेलासी. भरतीच्या मैदानावर कर्णे असतात ते छातीवरचा क्रमांक पुकारायला. मोबाइल, इअरफोन सगळं बाहेर ठेवून आत जायचं. त्यामुळे इथला अनुभवी पोरगा नवख्याला पहिला सल्ला देतो तो हाच, की गाण्यावर धावायची सवय लावू नकोस. शेवटच्या चारशेत गाणं नसतं, फक्त स्वतःचा भाता असतो. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट करत होता, बारावीनंतर सैन्यात गेला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच बर्मिंगहॅम शहरात त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य घेतलं, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. मोरिवलीच्या पोरांच्या मोबाइलमध्ये या दोघांचे व्हिडिओ गाण्यांइतकेच असतात.

धावणाऱ्याला रस्त्यावरचे लोक काय काय म्हणतात, याचा कुणी संग्रह करायला हवा. "काय रे, कुत्रं लागलंय का मागे?" हे सगळ्यांत जुनं. "पळ पळ, गाडी सुटली" हे स्टेशनच्या बाजूचं. टपरीवरचे काका चहाचा घोट घेत घेत वेग वाढवायला सांगतात, स्वतः बाकावरून न उठता. मुलांना हे झेपतं. एखादी शिवी परत दिली की हिशेब मिटतो. मुलींचं तसं नाही. ८०० मीटरची तयारी करणाऱ्या मुली सहसा दोघी-तिघी मिळून धावतात. कुणाचा भाऊ किंवा वडील स्कूटरवरून मागे हळूहळू येतात आणि दिवा तिच्या पुढच्या रस्त्यावर धरतात. या मुलींच्या कानातही इअरफोन असतो. अनेकदा त्यात काहीच वाजत नसतं. मागून येणाऱ्या मोटारसायकलचा आवाज ऐकू यायला हवा आणि टपरीवरून आलेलं वाक्य ऐकू आलं नाही असं दाखवताही यायला हवं, या दोन्ही गरजा ती मुकी तार भागवते. उद्धटपणाला थट्टेत काढणारे लेख मराठीत पुष्कळ आहेत. या मुलींनी तो कसा तोलला ते मात्र कुणी फारसं लिहिलेलं नाही.

आणखी एक अडचण इथल्या हवेची. वालधुनी नदीच्या काठावरून आणि कारखान्यांच्या मागून धावताना नाकाला वास कळतो तो आधी कुजलेल्या अंड्याचा, मग कसलातरी गोडसर. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री अंबरनाथवर रसायनाच्या धुराचा असा थर उतरला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले, रस्त्यावरचं दिसेना. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोरं पुन्हा धावायला बाहेर. भरतीची जाहिरात वाऱ्याची दिशा पाहून निघत नाही.

साडेसातला हाच मुलगा विद्यार्थी होतो. कॉलेज उल्हासनगरला असेल तर त्याचं नशीब थोर. कल्याणला असेल तर ठीक. दादर-माटुंग्याला असेल तर अंबरनाथ स्टेशनवर त्याचं खरं शिक्षण सुरू होतं. इथून सीएसएमटी सुमारे ६० किलोमीटर. पासात विद्यार्थ्याला निम्मी सवलत असते, पण त्यासाठी कॉलेजच्या खिडकीवरून सवलतीचा फॉर्म आणावा लागतो. त्या खिडकीमागच्या माणसाचा स्वभाव जगातल्या सगळ्या कॉलेजांत सारखाच असतो. "आज नाही, सही करणारे नाहीत." "मग कधी?" "उद्या या." उद्या गेलं तर "काल का नाही आलात?" या संवादात कुणाचा आवाज चढत नाही, शिवी येत नाही, तरीही तो लोकलमधल्या कोपरापेक्षा जास्त लागतो. कोपराला निदान घाई असते.

या घाईची कारणं साधी आहेत. लोकल स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात काही जण उतरणार, त्यांच्या दुप्पट चढणार. 'कृपया आपण जरा बाजूला होता का' हे वाक्य पुरं होईस्तोवर गाडी हलते. म्हणून "उतरू द्या", "चला आत", "बॅग पुढे घे" अशी क्रियापदापुरती उरलेली मराठी इथे तयार झाली. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ती उद्धट वाटते. (पुण्याच्या पाट्या वाचून मोठा झालेला माणूस इथे दुखावतो, ही गंमतच.) रोजच्या माणसाला त्यात काही लागत नाही. त्याला लागतं ते वेगळंच. अंबरनाथहून सुटणाऱ्या लोकलमध्ये अंबरनाथकर चढायच्या आधीच सीटा भरलेल्या असतात, कारण विठ्ठलवाडी-उल्हासनगरची मंडळी उलट्या दिशेने 'रिटर्न' मारून बसूनच आलेली असतात. अंबरनाथकर त्यांच्यावर डाफरतो. आणि तोच अंबरनाथकर दुसऱ्या दिवशी बदलापूरला जाऊन रिटर्न मारतो, तेव्हा बदलापूरकर त्याच्याकडे कसं बघतो हे वेगळं सांगायला नको.

तिघांच्या बाकड्यावरची चौथी सीट हा या सगळ्या व्यवहाराचा गाभा. ती सीट कागदावर नाहीच. तिघं बसलेले असतात आणि चौथा नुसता हात हलवतो. तोंडाने बोलला तर आगाऊ, न विचारता टेकला तर उद्धट. तळहात आडवा धरून किंचित सरकवल्यासारखं करायचं, की तिघं एकेक इंच देतात. चौथ्याच्या वाट्याला बाकड्याची कड आणि एकच मांडी येते, दुसरा पाय वाटेत. एवढ्या जागेत मुलं झेरॉक्सच्या नोट्स वाचतात, गुडघ्यावर वही ठेवून गणितं सोडवतात, परीक्षेच्या दिवशी बसल्याबसल्या झोपतात. इंच न देणारा एखादा असतोच. तो खिडकीबाहेर बघत राहतो आणि त्याच्या मांड्या अचानक रुंद होतात. अशा माणसाला कुणी बोललं की "फर्स्ट क्लासचा पास काढा ना" हे ठरलेलं उत्तर.

या धक्काबुक्कीवर हसायचं किती, हा प्रश्नही आहे. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. त्या दारात उभं राहून "आत चला" ओरडणारा माणूस उद्धट होता की घाबरलेला, हे बाकड्यावर बसून ठरवणं सोपं असतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बदलापूर आणि कळव्याला प्रवाशांनी एसी लोकलविरुद्ध आवाज उठवला. थंड हवेवर कुणाचा राग नव्हता. साध्या गाडीच्या जागी ती धावत होती आणि उरलेल्या गर्दीने चढायचं कुठे, हा प्रश्न होता. मध्य रेल्वेला वाढवलेल्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

अशा गाडीत गाणं कुठे मावत असेल? मावतं, आणि मोठ्याने मावतं. बदलापूर-कर्जतकडून येणाऱ्या गाड्यांतली भजनी मंडळं ही मध्य रेल्वेची जुनी परंपरा. ठरलेला डबा, ठरलेली खिडकी. कापडी पिशवीतून टाळ निघतात, खिडकीच्या गजाला विठ्ठलाची छोटी तसबीर अडकवली जाते, तिला चाफ्याचं किंवा झेंडूचं एखादं फूल. ढोलकी असली तर ठीक, नाहीतर डब्याचा पत्रा आहेच. त्या पत्र्यावर तळव्याची एक बाजू आणि अंगठी असा दुहेरी ठेका पडतो. अंगठीचा आवाज तबल्यातल्या चाटीचं काम करतो. मंडळाचा क्रम पक्का असतो. आधी नामघोष, मग रूपाचा अभंग, ठाण्याच्या आसपास गौळण, आणि कुर्ला मागे पडलं की भैरवी, कारण दादरला निम्मे उतरणार. स्टेशनांच्या अंतरावर बेतलेली अशी मैफल दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. गवई बँकेत कॅशियर असतो, टाळकरी गोदीत किंवा वर्कशॉपात. सूर कधी चढा लागतो, पण लय सुटत नाही. रुळांच्या सांध्यांचा खडखडाट खाली चालू असताना लय धरून ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

दुसरी बाजूही आहे. मंडळाची मंडळी आपल्या माणसांसाठी जागा धरतात. रुमाल टाकलेला असतो. नव्या माणसाला "इथे ग्रुप आहे" म्हणून उठवलं जातं, आणि रात्रपाळी करून डोळे मिटलेल्या माणसाच्या कानाशी टाळ वाजतात तेव्हा त्याला विठ्ठल आठवतोच असं नाही. देवाचं नाव असलं की आवाजाला पास लागत नाही, ही समजूत काही बरी नव्हे. मोबाइलवर मोठ्याने मालिका बघणाऱ्याला निदान रागवता तरी येतं. रेल्वेने २०२२ च्या जानेवारीत रात्री दहानंतर गाड्यांत मोठ्याने गाणी लावायला आणि बोलायला मनाई केली. मुंबईत बेस्टने २०२३ च्या एप्रिलमध्ये बसमध्ये इअरफोनशिवाय मोबाइलचा आवाज करायला बंदी घातली. दोन्ही आदेश कागदावर उत्तम आहेत. गाडीत मात्र निर्णय होतो तो शेजारच्याच्या चेहऱ्यावरून.

याच भजनी मंडळींतले काही जण आषाढात सुट्टी टाकून वारीला जातात, आणि तिथे त्यांचं रूप पालटतं. ज्ञानोबांची पालखी वेळापूरच्या अलीकडे आली की 'धावा' होतो. इथल्या टेकाडावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं परंपरा सांगते. म्हणून दिंड्या उतारावरून धावतात. टाळ हातात, पताका खांद्यावर, पायांत फोड आलेले. सत्तरीची म्हातारीही लुगड्याचा काचा मारून पळते. गाण्याच्या ठेक्यावर धावायची कल्पना इअरफोनबरोबर आली, असं मानणाऱ्याने एकदा तिथे उभं राहावं. रेटारेटी तिथेही आहे. पाणी तिथेही अपुरं, सावली तिथेही थोडी. पण धक्का लागला की "माऊली" म्हणून समोरच्याच्या पायाला हात जातो. महिन्याभराने तोच माणूस कल्याणला "ए, दिसत नाही का?" म्हणतो. त्याला ढोंगी म्हणायची घाई करू नये. वेळापूरला त्याला आठ-पंचावन्न गाठायची नसते.

गाण्याचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट याहून अवघड. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी मुलं या पट्ट्यात घरटी नसली तरी आळीगणिक निघतील. प्रारंभिक, मग दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, मग विशारद. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर काढून वर्गात आणावं, अभ्यासक्रमात बसवावं, हा त्यांचा हेतू होता. गाणं वर्गात आलं. पण घरी रियाझ करायचा तर भिंती हव्यात, आणि मोरिवलीतल्या वन-रूम-किचनच्या भिंतीपलीकडे एक बाळ झोपलेलं असतं, अलीकडे आजोबांची बातम्यांची वेळ. कारखान्यात रात्रपाळी केलेला शेजारी दुपारी दार वाजवतो आणि एकच वाक्य बोलतो, "बंद कर रे ते." त्याचं काय चुकलं? मग मुलं डग्ग्यावर टॉवेल टाकतात, दायाँवर जुना रुमाल घालतात. धा वाजवला तर 'ठप' एवढंच ऐकू येतं. बोट बरोबर पडलं की नाही ते कानाने न कळता बोटाच्या टोकाला कळायला शिकावं लागतं, आणि काही गुरुजींच्या मते हात त्यानेच बसतो.

मग पढंत उरते. तिला वाद्य लागत नाही. तबल्याचे बोल तोंडाने म्हणायचे आणि हाताने ताल धरायचा: पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. परीक्षेत तोंडी विचारतात, म्हणून पोरं गाडीत घोकत असतात. चौथ्या सीटवर एक मांडी टेकलेला असा एखादा मुलगा ओठांतल्या ओठांत तबल्याचा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली बांधणी, म्हणतो आहे, उजव्या हाताला जागा नाही म्हणून टाळीच्या जागी गुडघ्यावर बोट आपटतो आहे, हे दृश्य दुर्मीळ नाही. त्यात शेजारी एखादा भजनी म्हातारा आला की संपलंच. तो आधी दोन आवर्तनं गप्प ऐकतो. मग विचारलेलं नसताना, नाव-गाव न विचारता, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "खाली खाल्लीस तू. परत घे."

पोरगा चिडतो, लाजतो, पण परत घेतो. म्हातारा आपल्या पिशवीवर टाळी देतो. तिसरा शेजारी वैतागून म्हणतो, "ओ, क्लास घरी चालवा." म्हातारा त्याला सांगतो, "तुम्ही सरका जरा, पोराचा हात अडकतोय." तो इंचभर सरकतो. डोंबिवलीला बाहेरून लोंढा आत येतो, कुणाची तरी बॅग पोराच्या तोंडावर, आणि मध्येच थांबलेला कायदा म्हातारा स्वतःच पुढे म्हणत राहतो, कारण आवर्तन अर्धवट सोडायची त्याला सवय नाही.